रोग आणणाऱ्याची भूमिका

आमच्या कर्जतमध्ये एड्स पहिल्यांदा आला तो एकांकिकेतून. रोगी नंतर आले. तोवर गावातल्या सात-आठ सुशिक्षित माणसांनी हा रोग कसा होतो, कुणाला होतो आणि मुख्य म्हणजे कुणामुळे होतो, हे ठरवूनही टाकलं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी आरोग्य खात्यात मलेरिया कर्मचारी होतो. खालापूर तालुक्यातली काही गावं माझ्याकडे होती. घरोघर जायचं, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि येऊन गेल्याची तारीख भिंतीवर गेरूने लिहायची. माझं वय छत्तीस. लग्न केलं नव्हतं. भिसेगावात आई आणि मी, दोघंच राहायचो. वडील धर्मांतराआधीपासून जलशात गायचे. त्यांच्यामुळे मला नाटकाचा नाद लागला. दर वर्षी जयंतीला आमच्या बौद्धवाड्यात नाटक व्हायचं, त्यात मी शाळेत असल्यापासून काम करत होतो.

गावात एक नाट्यमंडळही होतं. ते मात्र गावातल्या जुन्या, घरंदाज मंडळींचं. एक वकील त्याचे दिग्दर्शक. नाटकाबद्दल त्यांचं ज्ञान एवढंच होतं की पुण्यात शिकत असताना त्यांनी बरीच नाटकं पाहिली होती. हे ते दर तालमीला सांगत. मंडळाने मला घेतलं, कारण त्यांना दरवर्षी एखादं तरी असं पात्र लागे, जे त्यांच्यापैकी कुणाला करवत नसे. सहा वर्षांत मी चार वेळा गडी झालो, एकदा हवालदार आणि एकदा प्रेत. प्रेताला वाक्यं नव्हती, पण ते उचलून आणायचं होतं आणि मी अंगाने हलका होतो. तालमीला वकिलांच्या ओसरीवर चहा यायचा. सगळ्यांना कपबशीत, मला स्टीलच्या पेल्यात. कपबशी सहा वर्षं बरोबर एकानेच कमी पडत होती.

मी तरी जात का राहिलो? नाटकाची हौस होती हे खरं. पण दुसरं कारण होतं मंडळाचे लेखक. ते हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. गावासाठी ते सर, माझ्यासाठीही चारचौघांत सर. घरी बायको होती, दोन मुली होत्या. पहिल्या वर्षी मला गड्याची वाक्यं समजावता समजावता ते माझ्याबरोबर चालत भिसेगावच्या वाटेपर्यंत आले. मग रविवारी आम्ही पळसदरीच्या धरणावर जाऊ लागलो. मग शाळेला सुट्टी लागली की दुपारी नेरळला, त्यांच्या मामाच्या बंद घरात. तिथे मी त्यांना अरेतुरे करायचो. आमच्यात जे होतं त्याला मराठीत शब्द होते, पण ते शिव्यांतले होते, म्हणून आम्ही ते वापरले नाहीत. सहा वर्षं हे चाललं. मी त्या माणसाला जीव लावला होता. आज हे लिहिताना त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

त्या वर्षी जिल्ह्याच्या एकांकिका स्पर्धेसाठी सरांनी नवा विषय घेतला. कुठल्याशा साप्ताहिकात त्यांनी एड्सवर लेख वाचला होता. वकील खूश झाले. असा धाडसी विषय रायगडात कुणी केला नव्हता म्हणे. वाचनाच्या दिवशी ओसरीवर सगळे जमलो. सरांनी आधी पात्रं वाचली. नायक : गोरा, देखणा, चांगल्या घरातला, वय बावीस. आई : सोशीक. डॉक्टर. शेजारी. आणि शेवटी 'तो' : काळा, आडदांड, झोपडपट्टीत राहणारा, वय पस्तीस. वाचता वाचता वकिलांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे वाटप झालं. आडदांड मी नव्हतो. काळा होतो, तेवढ्यावर भागलं.

गोष्ट अशी होती. नायक नोकरीसाठी मुंबईला जातो. एकटा असतो, साधा असतो. तिथे त्याला 'तो' भेटतो, गोड बोलतो, नादी लावतो. दुसऱ्या प्रवेशात नायक खोकू लागतो. शेवटी आईच्या मांडीवर डोकं ठेवून, तोंडात तुळशीपत्र घेऊन मरतो. मरताना तरुण पिढीला उद्देशून पाऊण पान बोलतो. 'तो' पहिल्या प्रवेशानंतर दिसतच नाही.

पण मी वाचन ऐकता ऐकता सुन्न झालो ते दुसऱ्याच गोष्टीने. 'तो'ची वाक्यं माझी होती. धरणाच्या भिंतीवर बसून मी जे बोललो होतो, ते शब्दाला शब्द सरांनी उतरवलं होतं. त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला मंडळातल्या सगळ्यांना घरात जेवायला बसवलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो, त्यानंतरच्या रविवारी मी त्यांना म्हणालो होतो, "तुझ्या घरात मी ओसरीच्या पुढे आलो नाही. तू मात्र माझ्यात कुठे कुठे येऊन बसलायस." हे वाक्य संहितेत होतं. त्याच्या आधी कंसात लिहिलं होतं : विकट हसून.

वाचन संपलं. सगळे वाहवा करत होते. मी विचारलं, "सर, याचं पुढे काय होतं?"

वकिलांनी विचारलं, "कुणाचं?"

"या 'तो'चं. रोग त्याच्याकडून आला म्हणता, तर तोही आजारी असेल ना. मरतो की जगतो?"

"त्याचं काय करायचंय?" वकील म्हणाले. "नाटक त्याच्यावर नाहीये."

सरांनी कागदांवरून मान वर केली नाही.

परत जाताना मी त्यांना स्टेशनच्या पुलाजवळ गाठलं. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

"माझं बोलणं घेतलंस."

"लेखक सगळीकडूनच घेतो रे."

"घे की. पण मला असा का केलास?"

ते म्हणाले, "लोकांना पटायला हवं ना. दोघंही आपल्यातले दाखवले असते तर कुणी ऐकून घेतलं नसतं."

"आपल्यातले म्हणजे कुणातले?"

उशीर झाल्याचं सांगून ते निघून गेले.

शहाण्या माणसाने तिथेच मंडळ सोडलं असतं. मी सोडलं नाही. खरं सांगायचं तर मला मोह झाला. प्रेतही करून झालेल्या माणसाला पहिल्यांदा बावीस वाक्यं मिळत होती, आणि ती माझीच होती. मी नाही म्हटलं असतं तर वकिलांनी त्यांच्या कचेरीतल्या शिपायाला उभं केलं असतं. तोही काळा होता. माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच बोललेलं बरं, असं मी स्वतःला पटवलं.

तालमीत मी एकदाच तोंड उघडलं. खात्याचं परिपत्रक माझ्याकडे आलं होतं. हा रोग शिवल्याने होत नाही, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने होत नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. नाटकात मात्र डॉक्टर नायकाच्या आईला दूर उभं राहायला सांगतो आणि नायकाने वापरलेली ताट-वाटी शेजारी चिमट्याने उचलतात. मी परिपत्रक वकिलांना दाखवलं. त्यांनी ते वाचलं, घडी करून परत दिलं आणि म्हणाले की परिपत्रक सादर करून बक्षीस मिळत नसतं. शिवाशिवीबद्दल त्या ओसरीवर मी आणखी काय समजावणार होतो?

पहिला प्रयोग गणपतीत झाला, आमच्याच गावात, शाळेच्या पटांगणावर. रंगभूषेला पनवेलहून माणूस आणला होता. एका बाजूला बँकेतले चाळिशीचे अधिकारी बावीस वर्षांचे होण्यासाठी गुलाबी होत होते, दुसऱ्या बाजूला मी बसलो होतो. रंगवणाऱ्याने माझ्याकडे पाहून विचारलं की याला काय लावायचं, हा आहे तसाच चालेल. वकिलांनी लांबून डोळे बारीक करून पाहिलं. "लाइटखाली उजळ दिसेल. एक हात मारा." मग त्याने माझ्या तोंडाला, मानेला आणि हातांना कोपरापर्यंत काळा रंग लावला. मी तसा रंगमंचावर गेलो आणि कंसात सांगितल्याप्रमाणे विकट हसलो. टाळ्या मिळाल्या. त्या टाळ्या मला आवडल्या, हेही लिहितो.

आई बायकांत बसली होती. घरी आल्यावर खोबरेल लावून ती माझी मान पुसत होती.

"येवढं काळं कशाला फासलं रं त्यांनी?" ती म्हणाली. "तू काय कमी काळा हायस?"

मी हसून वेळ मारून नेली. तिने पुढे विचारलं की त्या पोराला तू काय केलंस म्हणून तो मेला. मी सांगितलं, नाटक आहे. ती म्हणाली, "ते मला बी कळतं. पन लोकान्ला कळंल का?"

लोकांना कळलं नाही. पुढच्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे माझ्या गावांत फिरायला गेलो. गणपतीला कर्जतला पाहुणी आलेली माणसं आपापल्या गावी परतली होती आणि नाटकाची गोष्ट त्यांच्या आधी पोचली होती. खालापूरजवळच्या एका गावात एक बाई पाच वर्षं मला दारात पाट टाकायची. तिची सून तापाने फणफणली होती. मी पिशवीतून सुई काढली तशी बाई दारात आडवी उभी राहिली.

"गोळ्या ठेवून जा. रगत नको."

"अहो, रक्त पाहिल्याशिवाय कसला ताप आहे ते कसं कळणार?"

"तुमच्या सुईनं नको, दादा. आमी बघितलंय तुमाला."

तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मी समजावलं, प्रत्येकाला वेगळी सुई असते हे दाखवलं. ती ऐकून घेत होती आणि दारातून हलत नव्हती. त्या दिवशी त्या गावात एकही काचपट्टी झाली नाही. भिंतीवर तारीख लिहिली आणि निघालो. पुढच्या गावातही तेच झालं. माझे वरिष्ठ विचारू लागले की तुमच्याच भागात मलेरिया एकदम कसा कमी झाला. काय सांगणार होतो? की मी चांगला नट आहे?

हे मी वकिलांना सांगितलं तर ते मनापासून हसले. नाटकाचा एवढा परिणाम झालेला त्यांनी आजवर पाहिला नव्हता. सरांना सांगितलं तर ते म्हणाले की खेडवळ लोक अडाणी असतात, त्याला आपण काय करणार. खेडवळ लोकांना अडाणी करण्यासाठी दीड महिना तालमी घेतल्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

स्पर्धा अलिबागला होती. तिथेही मला तसाच रंग लावला. मी विंगेत उभा होतो, प्रवेशाला पाच मिनिटं होती. शेजारी बादलीत पाणी होतं, साबण होता, हात पुसायचा पंचा होता. मी तोंड धुतलं. मान धुतली, हात धुतले. ठरवून आलो होतो असं नाही. पलीकडच्या विंगेतून वकील हातवारे करत होते, पण तेवढ्यात माझी वेळ झाली आणि मी आत गेलो.

ते वाक्य आलं. मी हसलो नाही. नायकाकडेही पाहिलं नाही. सर प्रॉम्प्टिंगला विंगेत बसायचे, हातात संहिता धरून. मी तिकडे बघून, धरणावर बोललो होतो तसं बोललो. "तुझ्या घरात मी ओसरीच्या पुढे आलो नाही. तू मात्र माझ्यात कुठे कुठे येऊन बसलायस."

बँकेचे अधिकारी माझ्या हसण्यावर दचकून मागे सरायचे. हसूच न आल्यामुळे ते तिथेच उभे राहिले. पुढचं वाक्य त्यांना आठवेना. विंगेतून प्रॉम्प्टिंग यायला हवं होतं, तेही आलं नाही. शेवटी मीच पुढची दोन वाक्यं बोलून प्रवेश संपवला.

दुसरं बक्षीस मिळालं. तुळशीपत्राबद्दल नायकाला पदक मिळालं. परीक्षक मुंबईचे नट होते. निकालाच्या भाषणात ते म्हणाले की प्रयोग चांगला, पण खलनायक कमी पडला. तो प्रेमात पडल्यासारखा बोलत होता. माझ्या कामाबद्दल आजवर कुणी काढलेले हे एकमेव खरे उद्गार. वकिलांनी परतीच्या टेंपोत सगळ्यांसमोर मला झापलं, माझ्यामुळे पहिलं बक्षीस गेलं म्हणून. सर खिडकीबाहेर बघत होते.

पंधरा-वीस दिवसांनी ते खालापूरच्या आमच्या उपकेंद्रात आले. दुपारची वेळ होती, मी एकटा होतो. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच तिथे येत होते. चेहरा उतरला होता. बसले आणि बोट पुढे केलं.

"माझं रक्त घे."

"ताप आहे का?"

"तोंडात फोड आलेत. बरे होत नाहीयेत. वजनही उतरलंय." मग खाली बघत म्हणाले, "तुझ्याकडून काही आलं असेल तर कळायला हवं ना."

एड्सवर चाळीस मिनिटांची एकांकिका लिहिलेल्या या माणसाला मलेरियाच्या काचपट्टीवर तो रोग दिसत नाही हे माहीत नव्हतं. मी ते सांगितलं. मग विचारलं, "माझ्याकडून कसं येईल? माझ्या आयुष्यात तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. तुझ्या आयुष्यात?"

दर उन्हाळ्यात ते शिक्षकांच्या शिबिराला पुण्याला जायचे. त्यांनी बोट मागे घेतलं. मला जे कळायचं ते कळलं. आपल्याला रोग झाला असला तर तो काळ्या माणसाकडूनच आला असणार, असं त्यांनी खरोखरच धरलं होतं. आधी मला वाटायचं की लोकांच्या भीतीने त्यांनी नाटक तसं लिहिलं. तसं नव्हतं. त्यांनी ते मनापासून लिहिलं होतं.

तरीही मी त्यांना मुंबईला घेऊन गेलो. मलाही तपासून घ्यायला हवं होतं. एका मोठ्या इस्पितळात ही तपासणी होत असे, खात्यामुळे मला ठाऊक होतं. खिडकीवर दोन फॉर्म मिळाले. मी माझं नाव लिहिलं. सरांनी खोटं लिहिलं. त्यालाही माझी हरकत नव्हती; खोटं नाव पुष्कळजण लिहीत असतील. मी सहज त्यांच्या कागदावर नजर टाकली. आडनाव आमच्या बौद्धवाड्यातलं होतं.

थोड्या वेळाने नर्सबाईंनी आतून ते आडनाव मोठ्याने पुकारलं. सर उठून उभे राहिले आणि बाही वर करत आत गेले. माझी वाक्यं सोडली तर अख्ख्या जन्मात त्या माणसाने आमचं काही घेतलं असेल तर ते तेवढंच, आणि तेही तेवढ्या अर्ध्या तासापुरतं.

निकाल आणायला मी एकटा गेलो. दोघांचंही रक्त स्वच्छ होतं. मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन मी त्यांना त्यांचा कागद दिला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि भिंतीला टेकले. डोळ्यांत पाणी आलं होतं. "देवाची कृपा," म्हणाले. मग आठवल्यासारखं, "तुझंही ठीक आहे ना?"

"ठीक आहे. यापुढे रविवारी माझी वाट बघू नका."

मी त्यांना अहोजाहो केलं हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही, ठाऊक नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि ते वर्गावर गेले.

मंडळ मी सोडलं. माझ्या जागी वकिलांनी त्यांच्या शिपायाला उभं केलं आणि शाळाशाळांतून, जनजागृती म्हणून, पुष्कळ प्रयोग केले. माझ्या गावांत मला पुन्हा दारात उभं करायला लोकांना जवळजवळ वर्ष लागलं. मी दर फेरीला जात राहिलो, परिपत्रकातलं वाचून दाखवत राहिलो. खालापूरजवळच्या त्या बाईने एका पावसाळ्यात स्वतःच स्वतःचं बोट पुढे केलं. तिला मलेरिया निघाला, गोळ्यांनी ती बरी झाली. त्या गावापुरतं नाटक तिथे संपलं.

दीड-दोन वर्षांनी सरांच्या एकांकिकांचं पुस्तक निघालं. पोस्टाने माझ्या घरी प्रत आली, आत 'सस्नेह' म्हणून सही. प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं होतं की या विषयाने त्यांना अनेक महिने झोपू दिलं नाही, आणि 'तो'चं पात्र त्यांना मुंबईच्या एका फलाटावर दिसलेल्या अनोळखी माणसावरून सुचलं.

मी ओट्यावर बसून वाचत होतो. आईने तांदूळ निवडता निवडता विचारलं, कसलं बुक हाय? सरांचं आहे, मी म्हटलं. त्यांनी छापलंय.

आईला ते आवडायचे. रस्त्यात भेटले की थांबून तिची विचारपूस करायचे.

"त्यान्ला एक डाव जेवाया बोलव रं," ती म्हणाली. "इतक्या वर्साची तुमची वळख, पन आपल्या घरचं पानी बी त्यांनी कदी घेतलं नाय."

मी बरं म्हटलं. बोलावलं नाही.